'दीनबंधु' साप्ताहिक आणि गिरणी कामगारांचा रविवार

रविवारी शाळेला व कचेरीला सुट्टी असते ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणीतरी कधीतरी झगडून मिळवलेली असेल हे सहसा मनात येत नाही. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, काही उर्दू शाळांनाही शुक्रवारीच सुट्टी असते. वार कोणताही असो, सात दिवसांतून एक दिवस अंग टेकायला मिळावे हा हिशेब सगळीकडे सारखाच. मुंबईच्या कापड गिरण्यांत मात्र हा साधा हिशेब १८९० सालापर्यंत कोणी मान्य केलेला नव्हता. तो मान्य करून घेण्यात ज्या मराठी साप्ताहिकाचा मोठा वाटा होता त्याचे नाव 'दीनबंधु'. शालेय इतिहासात या पत्राचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो, आणि विद्यार्थी ती ओळ परीक्षेपुरती पाठ करतात. त्या ओळीमागे काय काय दडलेले आहे ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

'दीनबंधु'चा जन्म मुंबईत झाला नाही, आणि तो कामगारांसाठीही झाला नाही. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनी हे पत्र पुण्यात सुरू केले. भालेकर हे पुण्याजवळच्या भांबुर्डे गावचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता आणि भालेकर त्यातले एक हिरिरीचे कार्यकर्ते होते. पुष्कळांचा असा समज असतो की 'दीनबंधु' हे स्वतः जोतीरावांचे पत्र होते. तसे नाही. विचार सत्यशोधक समाजाचा, पण पत्र काढण्याची उठाठेव भालेकरांची. त्या काळात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' जोरात होती, तिच्यातून सत्यशोधकांची यथेच्छ टिंगल होत होती, आणि उत्तर द्यायला शेतकरी-कष्टकरी वर्गाच्या हातात स्वतःचे एकही पत्र नव्हते. साल पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट लक्षात येते. १८७६-७७ चा तो भयंकर दुष्काळ. दख्खनची खेडी ओस पडत होती, आणि अशा वेळी खेड्यातल्या माणसाची बाजू मांडणारे पत्र निघाले.

पत्र निघाले खरे, पण चालवायचे कसे? ज्यांच्यासाठी काढले त्यांना वाचता येत नव्हते, ज्यांना वाचता येत होते त्यांना ते आवडत नव्हते. वर्गणीदार थोडे, जाहिराती जवळजवळ नाहीत. भालेकरांनी पदरचे घालून दोन-तीन वर्षे रेटले आणि अखेर हात टेकले. मराठी पत्रांच्या इतिहासात अशी किती पत्रे गेली असतील! 'दीनबंधु'ही गेले असते, परंतु ते उचलायला मुंबईत एक माणूस उभा राहिला.

हा माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. मूळ घराणे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसर गावचे, जात माळी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रेल्वे आणि टपाल खात्यात थोडी नोकरी केल्यानंतर ते मांडवी येथील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. गिरणीतला स्टोअरकीपर हा ना मालक, ना कामगार. तो खुर्चीवर बसतो, पण त्याच्या खिडकीसमोरून दिवसभर सगळी गिरणी जात असते. कोण उशिरा आला म्हणून परत पाठवला, कोणाचा हात पट्ट्यात सापडला, कोणाचा पगार किती दिवस थकला, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. लोखंड्यांनी जे पुढे लिहिले आणि कमिशनांपुढे सांगितले ते या खिडकीतून पाहिलेले होते.

९ मे १८८० रोजी 'दीनबंधु' मुंबईतून पुन्हा निघाले. लोखंडे नोकरी सोडून पूर्णवेळ पत्राच्या मागे लागले. मुंबईत सत्यशोधक समाजाला कामाठीपुऱ्यातल्या तेलुगू मंडळींचा मोठा आधार होता. बांधकामाची कंत्राटे घेऊन वर आलेले हे लोक. त्यांतील रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांनी लोखंड्यांना मनापासून साथ दिली. मराठी कामगारांचे पहिले पत्र तेलुगू कंत्राटदारांच्या मदतीने उभे राहिले, ही गोष्ट मुंबई शहराच्या स्वभावाला शोभणारीच आहे.

आता त्या वेळच्या गिरण्यांकडे पाहू. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. १८९० च्या सुमारास शहरात सुमारे सत्तर गिरण्या होत्या आणि कामगारांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. बहुतेक कामगार रत्नागिरी व सातारा या जिल्ह्यांतले. विणाई खात्यात मुसलमान विणकरही होते. उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः आझमगडच्या बाजूने आलेली मोमीन मंडळी मदनपुऱ्यात वस्ती करून राहिली होती. हातमागावरची पिढीजात कारागिरी मोडीत निघाल्यावर त्याच हातांनी गिरणीचे साचे धरले. रिळिंग खात्यात बायका असत, आणि लहान मुले जवळजवळ सगळीकडे.

कामाचा वेळ घड्याळाने ठरत नव्हता. उजेड पडला की गिरणी सुरू आणि अंधार पडला की बंद. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य हाच काय तो कामगारांचा कैवारी. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून थोडी सुटका, आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत काम. दुपारी जेवायला ठरलेली सुट्टी नाही. साचा चालू ठेवून, शेजारच्याला लक्ष ठेवायला सांगून भाकरी खायची. रविवारी गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसायला बोलावणे येई आणि निम्मा दिवस त्यातच जाई. पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. पुढच्या महिन्याचा पंधरवडा, कधी त्याहूनही अधिक काळ, मालकाकडेच अडकलेला. तोपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज चालू. त्यावर जॉबरची दस्तुरी वेगळी, कारण त्याच्या मर्जीवाचून गिरणीत शिरकाव नव्हता.

सरकारचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला. त्यासाठी मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी आधीपासून खटपट केली होती. परंतु हा कायदा मुलांपुरताच होता. सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, अशी त्याची धाव. आणि तोही शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू. मोठ्या माणसांबद्दल, बायकांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

येथे एका वादाचा उल्लेख टाळून चालणार नाही, कारण 'दीनबंधु'चे वेगळेपण त्या वादातच दिसते. फॅक्टरी कायद्याला मुंबईतील मालकांचा विरोध होता हे समजण्यासारखे आहे. पण 'केसरी', 'मराठा' यांसारख्या राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनीही त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, हा कायदा कामगारांच्या दयेपोटी आलेला नसून मँचेस्टर-लँकेशायरच्या कापडवाल्यांच्या दबावाने आलेला आहे; हिंदी गिरण्या विलायती कापडाशी टक्कर देऊ लागल्या म्हणून त्यांच्या पायात बेडी घालायची आहे. हे म्हणणे खोटे नव्हते. लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईतल्या पोरांचा एकाएकी कळवळा आला असे कोणीच म्हणणार नाही. पण 'दीनबंधु'ने प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. कायदा कोणाच्या पोटदुखीतून आला यापेक्षा साच्यापुढे उभ्या असलेल्या बाईला त्यातून तासभर विसावा मिळतो की नाही, हे त्यांनी पाहिले. मला विचाराल तर दोन्ही बाजूंच्या बोलण्यात सत्याचा अंश होता; पण त्या घडीला गिरणीत उभे असलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारे पत्र जवळजवळ एकटे होते, एवढे नक्की.

या मतभेदातून केवळ वैर निघाले असे मात्र नाही. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी जोतीरावांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे पुढे झाले, आणि सुटकेनंतर त्यांचे स्वागत करण्यात मुंबईचे सत्यशोधक आघाडीवर होते. आजच्या वृत्तपत्री भांडणांत एवढे मोठे मन शोधावे लागेल.

असो. १८८४ साल 'दीनबंधु'च्या इतिहासात फार महत्त्वाचे. मुंबई सरकारने कायद्यात सुधारणा करावी की नाही हे पाहण्यासाठी फॅक्टरी कमिशन नेमले. अशा कमिशनपुढे मालक साक्ष देणार, डॉक्टर देणार, इन्स्पेक्टर देणार. कामगारांच्या वतीने कोण बोलणार? लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात परळ भागात कामगारांच्या सभा भरवल्या. हिंदुस्थानातल्या गिरणी कामगारांच्या या पहिल्या जाहीर सभा मानल्या जातात. सभेत मागण्या ठरल्या, अर्ज तयार झाला, आणि त्याखाली ५,५०० कामगारांनी सह्या केल्या.

मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर असताना जखम झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचे पंगुत्व आले तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. या मागण्या वाचताना त्यांचा नेमस्तपणा चकित करतो. आठ तासांचा दिवस मागितला नाही, पगारवाढ मागितली नाही. पगार पंधरा तारखेला मागितला आहे, एक तारखेला नव्हे! ज्याला काहीच मिळत नाही तो मागतानाही किती जपून मागतो, ते येथे दिसते. तरीही पाचवी मागणी पाहा. कामावर जखमी झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. लोखंड्यांच्या अर्जात ती गोष्ट एकोणचाळीस वर्षे आधी मांडलेली आहे.

साडेपाच हजार सह्या, या आकड्यावर थोडे थांबले पाहिजे. ज्या काळात गावात एखाद्यालाच अक्षरओळख असे, त्या काळच्या कोकणातून व देशावरून आलेल्या या कामगारांपैकी किती जणांना सही करता येत असेल? बहुतेकांनी निशाणीच केली असणार. पण निशाणी करायला कागदापर्यंत माणूस यावा लागतो, कागदावर काय लिहिले आहे ते त्याला कोणीतरी वाचून दाखवावे लागते, आणि नाव लिहून दिल्यावर उद्या जॉबर काय म्हणेल ही भीती त्याला गिळावी लागते. हे काम एका सभेत होत नाही. चार वर्षे आठवड्यामागून आठवडा एक पत्र तेच तेच सांगत होते, म्हणून ते झाले.

'दीनबंधु'चा खप १८८४ च्या सुमारास आठवड्याला सुमारे १,६५० प्रती होता. आजच्या मानाने हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण तेव्हाच्या मराठी पत्रांत तो चांगला वरचा होता. मात्र हा खप पाहून पत्राचे वजन मोजणे म्हणजे शाळेच्या हजेरीपटावरून गावाची लोकसंख्या काढण्यासारखे होईल. वाचणारा एक आणि ऐकणारे दहा, अशी तेव्हाच्या पत्रांची रीत होती. चाळीतल्या खोलीत, खानावळीत, भजनाच्या बैठकीनंतर कोणी शिकलेला पोरगा मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार. आमच्या व्यवसायातल्या माणसाला याचे फार नवल वाटत नाही. आजही एखाद्या घरात शिकणारे पहिले मूल हेच सबंध घराचे वाचन असते. विजेच्या बिलापासून शाळेच्या नोटिशीपर्यंत सगळे तेच वाचून दाखवते. निरक्षरांसाठी वर्तमानपत्र काढणे हा वेडेपणा होता असे ज्यांना वाटले, त्यांनी हा वाचून दाखवणारा मुलगा हिशेबात धरला नव्हता.

लोखंडे म्हणजे निर्दोष पुतळा होते असे मात्र चित्र रंगवू नये. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त छापली गेली आणि पुढची छापायला लोखंड्यांनी नकार दिला. सरकारी अंमलदारांवर आणि भटशाहीवर त्यात जे कोरडे ओढले होते त्यांचा भार पत्राला सोसणार नाही, अशी धास्ती त्यांना वाटली असावी. जोतीराव संतापले, आणि तो संताप त्यांनी लपवून ठेवला नाही. देशी भाषांतील पत्रांची गळचेपी करणारा लिटनशाहीचा कायदा रद्द होऊन तेव्हा एक-दोन वर्षेच झाली होती, हे लोखंड्यांच्या बाजूने सांगता येईल. शिवाय सरकारकडून कामगारांसाठी कायदा करून घ्यायचा होता, तेव्हा त्याच सरकारला किती दुखवायचे हाही सवाल होता. पण लेखक जोतीराव असताना संपादकाने हात आखडता घेतला, ही गोष्ट 'दीनबंधु'च्या खात्यावर लिहावीच लागते. दोघांचे संबंध मात्र त्यामुळे कायमचे तुटले नाहीत. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातल्या सभागृहात जोतीरावांना जनतेने 'महात्मा' ही पदवी दिली, त्या समारंभाची खटपट करणाऱ्यांत लोखंडे होते.

१८८४ च्या अर्जातून हाती काय लागले? तत्काळ काहीच नाही. कमिशनने अहवाल दिला आणि तो दप्तरात पडून राहिला. हा सहा वर्षांचा काळ वाचताना कंटाळवाणा वाटतो, आणि काढायला तर तो त्याहून कठीण गेला असेल. पुन्हा पुन्हा अर्ज, पुन्हा पुन्हा तोच मजकूर. वृत्तपत्र चालवणाऱ्याची खरी परीक्षा अशा वेळी होते, कारण वाचकाला नवीन काही सांगायला नसते आणि जुने सोडून देता येत नाही.

अखेर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर कामगारांची मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली, हजारो पुरुषांपुढे, गिरणीतल्या बायका उभ्या राहून बोलल्या! त्यांची नावे इतिहासाने जपली असती तर किती बरे झाले असते. सभेने आठवड्याच्या सुट्टीची मागणी करणारा अर्ज गिरणीमालक संघाकडे पाठवला. मालकांनाही आता वारे कळले होते. सरकार नवा कायदा आणणार हे दिसत होते. १० जून १८९० रोजी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी तरी कामगाराला देवदर्शन घडावे, असा मुद्दा तेव्हा मांडला गेल्याचे सांगतात. साहेबाचा चर्चचा वार आणि कुणब्याचा जेजुरीचा वार एकच निघाला, आणि त्यामुळे मागणी गळी उतरवणे थोडे सोपे झाले असेल.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने दुसरे फॅक्टरी कमिशन नेमले. त्यात सोराबजी बंगाली सभासद होते आणि मुंबईपुरते स्थानिक सभासद म्हणून लोखंड्यांना घेतले गेले. सहा वर्षांपूर्वी जो माणूस कमिशनच्या दाराशी अर्ज घेऊन उभा होता, तो आता आतल्या खुर्चीवर बसला. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. मुलांची वयोमर्यादा नऊ वर्षांवर गेली व त्यांचे काम सात तासांवर आले. बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा ठरली. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा आली नाही. ती १९११ पर्यंत आली नाही, आणि दरम्यान विजेचे दिवे आल्यावर सूर्याचा जो एक आधार होता तोही गेला.

या काळात लोखंडे 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' या संस्थेचे अध्यक्ष म्हणून काम करीत. हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचे नाव घेतात. पण १८९२ च्या एका सरकारी अहवालात तिच्यावर एक खोचक शेरा आहे. या संस्थेकडे ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम. लोखंडे आपले येईल त्या कामगाराला फुकट सल्ला देतात इतकेच, असा त्याचा मथितार्थ. शेरा अपमानास्पद आहे, पण खोटा म्हणता येत नाही. वर्गणी देणारा सभासद, चिटणीस, खजिनदार, संपाचा निधी असे काहीही नव्हते. मग होते काय? दर आठवड्याला निघणारे पत्र होते. यादी नव्हती तेथे वर्गणीदार होते, नियम नव्हते तेथे अग्रलेख होता, आणि कचेरी म्हणाल तर ज्याच्या दारावर कोणीही कामगार टकटक करू शकेल असा संपादक होता. संघटनेचे काम येथे एका वर्तमानपत्राने अंगावर घेतले होते. त्याचा तोटाही उघड आहे. माणूस गेला की सगळेच गेले.

'दीनबंधु'च्या मंडळींनी इतर अनेक कामांत हात घातला. त्यांतले एक सांगतो. १८९० साली मुंबईत न्हावी समाजाची सभा झाली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा निर्धार केला गेला. त्यामागे लोखंडे होते. काम थांबवणे हे हत्यार पगारासाठी वापरतात हे आपण जाणतो. दुसऱ्याच्या घरातल्या बाईची विटंबना थांबावी म्हणून ते वापरले गेल्याचे उदाहरण विरळा.

१८९३ साल मात्र फार वाईट गेले. ११ ऑगस्टला, शुक्रवारी, मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ती गिरणगावात पोहोचली आणि गिरणी कामगार रस्त्यावर आले. पाऊणशेहून अधिक माणसे मारली गेली. ज्यांच्या सह्या गोळा करण्यात लोखंड्यांची वर्षे गेली, त्याच वस्त्यांतली माणसे काठ्या घेऊन एकमेकांवर धावली. परळचा सांचेवाला आणि मदनपुऱ्याचा सांचेवाला एकाच भोंग्यावर गिरणीत जात, एकाच जॉबरची दस्तुरी भरत, आणि त्यांचा पगार एकाच तारखेला अडकलेला असे. पण त्या आठवड्यात यांपैकी काहीही कामाला आले नाही. दंगलीनंतर लोखंड्यांनी राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या लोकांचा मोठा मेळावा भरवला आणि मने सांधण्याचा प्रयत्न केला. या कामाबद्दल पुढे सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. किताबाचे राहू द्या. दंगल विझल्यावर शांतता कमिटीत बसणारे पुष्कळ असतात; दोन्ही बाजूंच्या मजुरांना एका मैदानात आणायला त्यांच्यात आधी दहा-बारा वर्षे वावरलेला माणूस लागतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि तोही मांडवीतच पहिल्याने, जेथे लोखंड्यांनी गिरणीची नोकरी केली होती. कामगार शहर सोडून गावाकडे पळत होते. लोखंडे थांबले, रोग्यांसाठी इस्पितळ उघडण्याच्या खटपटीला लागले, आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. वय पन्नासच्या आत.

पत्र मात्र लगेच बंद पडले नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे ग्रंथपाल असलेले वासुदेव लिंगोजी बिर्जे यांनी नोकरी सोडून 'दीनबंधु' हाती घेतले. तेही प्लेगनेच गेले. त्यांच्यामागे पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकाची खुर्ची सांभाळली आणि १९१२ पर्यंत पत्र चालवले. तानुबाई पुण्याच्या वेताळ पेठेतल्या फुले यांच्या शाळेत शिकलेल्या. हिंदुस्थानात वर्तमानपत्राचे संपादन करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. आमच्या मुलींनी हे नाव पाठ करावे असे मला फार वाटते. याच सुमारास सीताराम केशव बोले यांच्या कामगार हितवर्धक सभेने 'कामगार समाचार' हे साप्ताहिक काढले, आणि कामगारांचे पत्र ही कल्पना पुढच्या हातांत गेली.

लोखंड्यांच्या नावाने २००५ साली टपाल तिकीट निघाले, परळच्या सरकारी श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. पण 'दीनबंधु'चे अंक पाहायला मागाल तर फार थोडे हाती लागतात. सबंध फाइली उरल्या नाहीत. कामगारांच्या चाळीत वर्तमानपत्र जपून ठेवायला जागा नव्हती, आणि मोठ्या ग्रंथालयांना ते जपण्यासारखे वाटले नसावे. तरीही त्यातला मजकूर आपल्याला बऱ्यापैकी कळतो, याचे कारण गमतीचे आहे. मुंबई सरकारच्या भाषांतरकाराच्या कचेरीत देशी पत्रे दर आठवड्याला तपासली जात, त्यांतील उताऱ्यांचा इंग्रजीत सारांश करून गुप्त अहवाल छापला जाई आणि तो साहेबाच्या टेबलावर जाई. कोण काय बोलतो यावर नजर ठेवण्यासाठी ही व्यवस्था होती. 'दीनबंधु'ने मराठीत छापलेले पुष्कळसे आज त्या इंग्रजी अहवालांतूनच वाचावे लागते.